अनधिकृत गैरहजेरी

सासूबाईंनी ठाण्याहून पाठवलेलं कालनिर्णय मागच्या आठवड्यात पोचलं. भिंतीला लावायच्या आधी मी सप्टेंबरचं पान काढलं. 14 तारीख, सोमवार, गणेश चतुर्थी. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे सगळे सण पुढे गेलेत. गेल्या वर्षी 27 ऑगस्टला, म्हणजे इथल्या, इंग्लंडमधल्या उन्हाळी सुट्टीतच बाप्पा आले होते. गौरींचं विसर्जन करून आम्ही रात्रीचं विमान पकडलं, तरी शाळा उघडायला एक दिवस बाकी होता. यंदा ते जमणार नाही. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडेल आणि त्याच वेळी मोठा सेकंडरीत, सातवीत जाईल. नवी शाळा, नवे शिक्षक, आणि लगेच पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला उचलून ठाण्यातल्या नौपाड्यात न्यायचं?

कॅलेंडर हातात घेऊन मी बराच वेळ तशीच उभी होते. कारण 2024 मध्ये मुलांची शाळा बुडाल्याबद्दल आलेल्या दंडाच्या नोटिसांची चार पाकिटं अजून माझ्या कपाटात आहेत.

त्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जूनमध्ये फोनवर म्हणाल्या, "अगं, मला आता खाली बसून काही होत नाही. यंदा गौरींचे मुखवटे तुझ्या हाती देते. मुलांना घेऊन ये." आमच्याकडे उभ्या गौरी असतात. पितळी मुखवटे माझ्या आजेसासूबाईंच्या वेळचे. थोरली सून म्हणून हे कधीतरी माझ्याकडे येणार हे लग्नापासून माहीत होतं, पण ज्या आवाजात त्या बोलल्या, त्यावरून कळलं की हे आता टाळायचं नाही. चतुर्थी होती शनिवारी, 7 सप्टेंबरला. गौरी मंगळवारी येणार, गुरुवारी जाणार. आम्ही गुरुवारी रात्री निघालो आणि पुढच्या शनिवारी परतलो. मुलांचे शाळेचे सहा दिवस बुडाले.

इथे हजेरी दिवसाला दोनदा होते, सकाळी आणि दुपारी. प्रत्येक हजेरी म्हणजे एक सत्र. दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी दहा सत्रं बुडाली की कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, दंडाचा विचार करतं. आमची बारा झाली. 19 ऑगस्ट 2024 पासून हा नियम सगळ्या इंग्लंडला एकसारखा लागू झाला आणि दंड 60 पौंडांवरून 80 वर गेला, म्हणजे आमच्या विमानाच्या जेमतेम अडीच आठवडे आधी. दंड दर मुलामागे आणि दर पालकामागे. दोन मुलं, दोन पालक, चार नोटिसा. एकवीस दिवसांत भरले तर 320 पौंड, पस्तीस हजार रुपयांच्या आसपास. उशीर केला असता तर दुप्पट.

आम्ही पैसे चौथ्या दिवशी भरले. त्याचं मला काही वाटलं नाही, म्हणजे वाटलं, पण ते पचलं. न पचलेली गोष्ट म्हणजे त्या कागदावरचा शब्द. अनधिकृत गैरहजेरी. ठाण्यात हा शब्द आम्ही इमारतींना लावतो. दिवा-मुंब्र्याच्या बातम्यांत वाचतो, पाडकामाच्या नोटिशीत वाचतो. माझी सहा वर्षांची मुलगी तांदळाच्या पिठात मूठ बुडवून दारापासून देव्हाऱ्यापर्यंत गौरीची पावलं उमटवत होती, मागे तिचा भाऊ ताम्हण वाजवत होता, सासूबाई खुर्चीत बसून "इकडे, स्वयंपाकघराकडेही काढ गं" म्हणत होत्या. त्या दुपारीही तिच्या नावापुढे तीच खूण पडली होती.

अर्ज मी जूनमध्येच दिला होता, सगळं खरं लिहून. मुख्याध्यापिकांनी नम्रपणे नाही म्हटलं. त्यांच्या हातात फारसं नाही, हे मला नंतर कळलं. 2013 पर्यंत विशेष कारण असेल तर मुख्याध्यापक वर्षाला दहा दिवसांपर्यंत रजा देऊ शकत. मग ते गेलं आणि 'अपवादात्मक परिस्थिती' एवढंच उरलं. दरवर्षी येणारा सण अपवादात्मक कसा, हा त्यांचा प्रश्न. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, पण ते अर्जाच्या तीन ओळींत मावणारं नव्हतं.

धर्मासाठी वेगळी तरतूद आहे, ती 1996 च्या शिक्षण कायद्यातच आहे. पालक ज्या धर्मसंस्थेचे, तिने केवळ उपासनेसाठी राखून ठेवलेल्या दिवशी मूल आलं नाही तर तो गुन्हा नाही. ते कलम मी इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. चतुर्थीचा एक दिवस त्यात बसतो, पण त्या वर्षी नेमका शनिवार आला. आणि गौरी? आमच्या गौरी कुठल्या धर्मसंस्थेनं ठरवल्या? आजेसासूबाईंनी. कुणाकडे खड्याच्या, कुणाकडे मुखवट्याच्या, कुणाकडे तेरड्याच्या, आमच्या शेजारच्या घरात तर गौरीच नाहीत. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, हे कुठल्या मठातून आलेलं नाही. आमचा धर्म बराचसा असा घरातून चालतो, सासूकडून सुनेकडे. त्याला पत्रिका नाही, सही-शिक्का नाही. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अशी घरं नव्हती, एवढंच मला म्हणायचं आहे. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही.

नियमाचं कारण मला पटतं, हेही लिहायला हवं. कोविडआधी दहापैकी साधारण एक मूल दहा टक्के किंवा त्याहून जास्त शाळा बुडवायचं. 2021-22 मध्ये ते पाचातल्या एकाच्याही वर गेलं. अशी मुलं हातातून निसटतात. माझं मूल साडेनऊपर्यंत शाळेत दिसलं नाही तर मला फोन येतो, आणि त्या फोनमुळे मी निर्धास्त कामाला जाते. दंडाच्या नोटिसा मात्र 2023-24 मध्ये 4 लाख 87 हजार निघाल्या आणि त्यातल्या दहापैकी नऊ सुट्टीला गेल्याबद्दल होत्या. सुट्टीत विमानाची तिकिटं महाग होतात, म्हणून लोक हिशेब मांडतात आणि दंड स्वस्त पडला तर निघतात. 2017 मध्ये जॉन प्लॅट नावाच्या वडिलांचा खटला इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मुलीला फ्लोरिडाला नेल्याचा दंड होता. कोर्टानं पालकाविरुद्ध निकाल दिला. नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणे हजेरी, असा अर्थ लावला. कोर्टाचं मला समजतं. पण डिस्नेची सहल आणि माझ्या सासूबाईंचे मुखवटे हजेरीपटावर एकाच अक्षराखाली जातात, ते नाही समजत.

आता आपल्या माणसांबद्दल. नोटिसांचं कळल्यावर ठाण्यातून आणि इथल्या मराठी मंडळींकडूनही एकच सल्ला आला. "ताप आला म्हणायचं ना!" नवऱ्याचे मामा म्हणाले, साहेबाला अजून सारा भरताय. मला हसू आलं नाही. ताप सांगायचा म्हणजे कुणी सांगायचा? मी ईमेल करीन, पण सोमवारी वर्गात बाई धाकटीला विचारणार, बरं वाटतंय का आता? तिच्या हातावरची मेंदी तोवर उतरलेली नसणार. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीला आधी घरी पढवायचं, की गौरी आणायला गेलो होतो हे शाळेत सांगायचं नाही. ज्या गोष्टीचा तिला अभिमान वाटावा म्हणून साडेचार हजार मैल नेलं, तीच लपवायला शिकवायची. ते मी करणार नाही. त्यापेक्षा पैसे भरीन.

"आमच्याकडे बरं, बाईंना एक फोन केला की झालं," जाऊबाई म्हणाली. तेव्हा मी गप्प बसले. पण गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. गौरीपूजनाची संध्याकाळ, घरात तीस-पस्तीस माणसं, पुरणाचा वास जिन्यापर्यंत. पुतण्या नववीत आहे. त्याची क्लासची टेस्ट होती. त्यानं ओट्याशी उभ्या उभ्या एक पोळी खाल्ली, देवीला नमस्कार केला आणि पाठीवर सॅक टाकून रिक्षा पकडायला गेला. आरतीला नव्हता. विसर्जनाच्या दिवशीही पालिकेच्या कृत्रिम तलावावर तो आला नाही, त्याच्या ऐवजी माझ्या मुलानं पाट धरला. क्लास बुडवला तर म्हणे लगेच पालकांना मेसेज येतो, बॅच बदलतात. कुणी दंड केला नाही, कायदाही नाही, आणि तरीही तो घरातल्या घरात गैरहजर. जाऊबाई माझ्यापेक्षा वाईट आई आहे असं मला म्हणायचं नाही. तिचीही ओढाताण मी बघते. पण परदेशात राहून मुलांना काय कळणार आपलं, असं मला ऐकवलं जातं तेव्हा मला ती सॅक आठवते. माझी मुलं वर्षातून आठ दिवस येतात आणि ते आठही दिवस पूर्ण तिथे असतात. मोठ्याला सुखकर्ता अडखळत येते, पण येते.

दूर राहिल्यामुळे मी हे जरा जास्तच घट्ट धरते का? असेल. ठाण्यात राहिले असते तर कदाचित मीही क्लासची फी भरून मोकळी झाले असते.

आणि गैरहजेरी मांडणाऱ्या इथल्या त्याच शाळेतली एक गोष्ट. 2024 मध्ये परतल्यावर मोठ्याच्या वर्गशिक्षिकेनं त्याला विचारलं, कुठे होतास, सगळं सांग. त्यानं दोन पानं लिहिली, मासुंदा तलावाचं चित्र काढलं, गौरींना साडी कशी नेसवतात ते बाणांनी दाखवलं. बाईंनी ते वर्गाच्या भिंतीवर लावलं, दिवाळीपर्यंत होतं. पालकसभेला मी ते पाहिलं तेव्हा बोलता येईना. ऑफिसातल्या पटावर अनधिकृत, वर्गातल्या भिंतीवर सन्मानानं. दोन्ही एकाच इमारतीत.

यंदा पुन्हा नोटीस आली तर तीन वर्षांतली दुसरी. मग 80 ची सवलत नाही, सरळ 160 दर मुलामागे, दर पालकामागे. 640 पौंड, पाऊण लाख रुपयांच्या पुढे. तिसऱ्यांदा झालं तर कोर्टाची पायरी. मैत्रीण म्हणते, चार दिवसांत बसव, आठ सत्रं होतील, दहाच्या आत राहाल. मी कागद-पेन घेऊन बसलेही. सोमवार धर्माच्या कलमात टाकायचा, गौरींचे दिवस धरायचे, विमानाचे नऊ-दहा तास, उतरल्यावर झोपेचा गोंधळ, आणि मोठ्याची नवी शाळा, जिथे अजून त्याला कुणी ओळखतही नाही. थोड्या वेळानं मला त्या आकडेमोडीचीच लाज वाटली.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलांची शाळा बुडवायची नाही. तू एकटी ये, मी बसून सांगीन, तू कर." त्यांनी किती सहज म्हटलं. आमच्या घरात शिक्षणापुढे देवही थांबतो, हे त्यांचंच. धाकटी मागे उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "मग पावलं कोण काढणार?"

दोन शाळांचे दोन अर्ज उतरवून ठेवलेत. कारणाच्या रकान्यात दोन्हीकडे गौरी लिहिलंय, खाली तीन ओळी जास्तीच्या जोडल्यात. तारखांचा रकाना अजून कोरा आहे.