सी विंग जोत्यावर थांबली

तळेगावजवळ आम्ही ज्येष्ठांसाठी घरं बांधतोय. मी प्लॅनिंग इंजिनियर. इथे बांधकामाचा वेग ठरतो बुकिंगवर, आणि ज्येष्ठांचं बुकिंग फार सावकाश होतं. आधी काका-काकू येऊन बघतात, मग मुलगी परदेशातून व्हिडिओ कॉलवर बघते, मग जुना फ्लॅट विकायला निघतो. बहुतेकांना तयार घर हवं असतं. म्हणजे विकायच्या आधी बांधा, आणि बांधायला पैसा विक्रीतून आणा.

त्यात रेरात, म्हणजे घरबांधणीच्या कायद्यात, प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के त्या टप्प्याच्या वेगळ्या खात्यात, आणि काढायचे तर आर्किटेक्ट, इंजिनियर, सीए अशा तिघांचे दाखले. हे योग्यच आहे. पण ज्या डायनिंग हॉलमधून थेट पैसा येत नाही, तो मग शेवटच्या टप्प्यात ढकलला जातो.

त्या शनिवारी सी विंगची जोते (प्लिंथ) तपासणी झाली आणि लगेच मीटिंग. सेल्सवाले म्हणाले, बुकिंग नाही, सी जोत्यावरच थांबवा. मी म्हटलं, थांबवा, पण शटरिंगची, म्हणजे काँक्रीटचे साचे लावणारी गँग डायनिंग हॉलवर लावा. ‘रिकामा हॉल कोण विकत घेणार?’ असं उत्तर आलं. घराचा ताबा दिला की माणूस संपला, असं सेल्सच्या लोकांना वाटतं.

महारेराने, म्हणजे रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी निकष दिले. आमची दारं ९०० मिलिमीटरची, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, बाथरूमच्या फरशा न घसरणाऱ्या. प्रत्येक दार मी स्वतः टेप लावून तपासलंय. पण रुंद दारातून बाहेर पडून माणसाने जायचं कुठे?

दुपारी ए विंगमधल्या एक काकू साइट ऑफिसात आल्या. तात्पुरती मेस पत्र्याच्या शेडमध्ये आहे, रस्त्यात ट्रान्झिट मिक्सर उभा, आणि काकांचा वॉकर खडीत रुतलेला. ‘हॉल कधी होणार?’ मी चार्टवरची तारीख सांगितली. ‘ही तुमच्या कागदावरची झाली. ह्यांना ८४ चालू आहे. खरी सांगा.’

चार्ट तसाच घेऊन मी मालकांकडे गेलो. हॉलचं काम पुढे घेतलं. सी थांबली.

पण सीमध्ये मोजकी का होईना, बुकिंग आहेत. त्यातले एक निवृत्त बँकवाले डोंबिवलीचं घर विकून भाड्याने राहताहेत. रेराला दिलेली तारीख अजून लांब आहे, त्यामुळे कायद्याने कंपनीचं काही चुकत नाही. बी विंगमध्ये तयार फ्लॅट रिकामे आहेत. त्यांना जुन्याच दराने तिकडे घ्या, असं मी लिहून दिलंय. सेल्स फरकाची रक्कम मागतंय. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी तो विषय पुन्हा काढणार आहे.