आई आलं

यंदा सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या या शाळेत मी १९८३ साली पाचवीत आले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, उशीर का झाला? मी उभी राहून म्हणाले, "आई लवकर आलं नाही, म्हणून." वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून आवाज आला, "आई काय भांडं हाय का बे?" बाईही हसल्या.

आमच्या घरी तेलुगू. माझे आजोबा तेलंगणातून मागावर कामाला सोलापुरात आले आणि इतर पद्मशाली विणकर कुटुंबांसारखे पूर्व भागात राहिले. जवळ तेलुगू माध्यमाची शाळा होती, तरी वडिलांनी मला मुद्दाम मराठीत घातलं. तेलुगूत 'तो आला' याचं रूप वेगळं, पण आई आली काय नि बस आली काय, दोन्हीला 'वच्चिंदि'च. माझं 'आई आलं' त्या नियमातून आलं होतं. हे मला चाळिशीत एका व्याकरणाच्या पुस्तकातून समजलं. पाचवीत कुणी एवढं सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

कारण त्या हशामागे नुसती भाषा नव्हती. माझ्या बाकावरची मारवाडी मैत्रीणही 'माझा वही' म्हणायची. ती गोरी होती, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, आणि तिचं बोलणं सगळ्यांना गोड वाटायचं. मला मात्र 'काळी मद्रासी' हे नाव पडलं. आमच्या घरात कुणी मद्रास पाहिलंही नव्हतं.

अम्मा विड्या वळायची. सहावीच्या निकालाला ती कारखान्यात विड्या देऊन तशीच शाळेत आली. पदराला तंबाखूचा वास होता. माझे गणिताचे मार्क पाहून ती व्हरांड्यातच मोठ्याने तेलुगूत बोलायला लागली, आनंदाने. मुली वळून बघत होत्या. मी तिला म्हटलं, "मेल्लगा माट्लाडु अम्मा." हळू बोल. घरी गेल्यावर सांगितलं, पुन्हा शाळेत येऊ नकोस. दहावी होईपर्यंत ती आली नाही. का, असं तिने एकदाही विचारलं नाही.

पुढे वर्गातली एक मैत्रीण पुण्याला शिकायला गेली. घरची भाषा मराठीच, अभ्यासात हुशार. तिथं तिच्या सोलापुरी 'काय करलालीस'ला (काय करतेस) मुली हसल्या, तशी ती हॉस्टेलवर बोलेनाशी झाली. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या घरी आली आणि 'आई आलं'चा विषय तिनेच काढला. पाचवीत मागच्या बाकावर तीच होती.

या शाळेने मला मराठी दिली. आज मी त्याच भाषेत हे लिहिते आहे, आणि शाळेवर माझा जीव आहे. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शिक्षकांना एक विनंती करते. पालकसभेत तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या आयांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. मराठीत सांगायला एखादी माजी विद्यार्थिनी नक्की मिळेल. मी स्वतः येईन.

कार्यक्रमाला मी अम्माला घेऊन येणार आहे. ती अजूनही मोठ्यानेच बोलते.