वसईहून निशिझाका टेकडीपर्यंत: जपान मिशन-यात्रेचे अखेरचे चार दिवस

आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) चौदा जण आणि सोबत एक फादर, असा पंधरा जणांचा गट फेब्रुवारीच्या आरंभी जपानला जाऊन आला. बारा दिवसांपैकी पहिले आठ दिवस ओसाका येथे गेले. कामागासाकी भागातील बेघर वृद्धांसाठी चालणाऱ्या अन्नवाटपाच्या स्वयंपाकघरात आम्ही तांदूळ धुतले, भाज्या चिरल्या आणि भांडी घासली. त्या कामाला भाषा फारशी लागली नाही. भाषेची खरी कसोटी लागली ती शेवटच्या चार दिवसांत, नागासाकीत. पुढे जाणाऱ्या गटांना उपयोग व्हावा म्हणून त्या दिवसांचा वृत्तांत येथे थोडा सविस्तर देत आहे.

यात्रेचा शेवट नागासाकीत व्हावा हा आमचा हट्ट होता आणि त्याचे कारण वसईकरांना वेगळे सांगावे लागणार नाही. वसईत जन्मलेले, पोर्तुगीज पिता आणि स्थानिक मातेचे पुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर अन्य पंचवीस जणांसह क्रुसावर चढवण्यात आले. आपल्याकडे त्यांच्या हौतात्म्याची कथा सर्वांना ठाऊक असते, पण ते तेथे नेमके काय काम करीत होते, हे प्रवचनात फारसे येत नाही. किशोरवयात ते जेज्वीट संघाच्या धर्मगुरूंसोबत जपानला गेले, तेथे लोकांत मिसळून जपानी भाषा शिकले, मधल्या काळात त्यांनी व्यापारही केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू झाले आणि 1593 मध्ये त्याच संघाचे फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्यासोबत जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस गेले ते दुभाषा म्हणून. मला तर चार दिवस पावलोपावली त्यांची आठवण झाली ती हुतात्मा म्हणून कमी आणि दुभाषा म्हणून जास्त.

प्रवासाचे व्यवहार एकदाच सांगून टाकते. शिन-ओसाकाहून हाकाता हा टप्पा शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) सुमारे अडीच तासांचा आहे. हाकाताहून ‘रिले कामोमे’ गाडीने ताकेओ-ओन्सेनपर्यंत जावे आणि तेथे त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या शिनकानसेनमध्ये बसावे. नागासाकीचा हा नवा मार्ग सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झाला आहे. ज्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा जास्त होते, तिच्यासाठी शिनकानसेनमध्ये मागची विशिष्ट जागा आधीच आरक्षित करावी लागते. आमच्यातील दोघांनी घरी बॅगा मोजल्याच नव्हत्या, आणि प्रत्येकी हजार येन भरताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. त्याऐवजी मोठ्या बॅगा कुरिअरने थेट पुढच्या मुक्कामी पाठवाव्यात; जपानमध्ये ही सोय हॉटेलांतून आणि चोवीस तास चालणाऱ्या दुकानांतूनही होते. त्या बॅगा बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतात, म्हणून एका रात्रीचे कपडे आणि औषधे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत.

परतीचे विमान फुकुओकाहून असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हाकाताहून भुयारी रेल्वे विमानतळावर पाच-सहा मिनिटांत नेते खरी, पण ती देशांतर्गत टर्मिनलला थांबते. आंतरराष्ट्रीय टर्मिनल धावपट्टीच्या पलीकडे आहे आणि तेथे जाण्यासाठी मोफत बस घ्यावी लागते. आम्ही हा अर्धा तास हिशेबात धरला नव्हता, त्यामुळे अखेरची धावपळ टळली नाही.

नागासाकी शहरात ट्रामइतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही. मागच्या दाराने चढावे, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यावेत. अंतर कितीही असो, भाडे एकच. ओसाकात घेतलेले इकोका हे प्रवासाचे प्रीपेड कार्ड येथेही चालते. स्टेशनवरून ओउरा चर्चला जाताना शिन्ची चायनाटाउन येथे ट्राम बदलावी लागते, आणि कार्ड असेल तर दुसऱ्यांदा भाडे कापले जात नाही. पंधरा जणांनी एकाच ट्राममध्ये चढण्याचा आग्रह मात्र धरू नये. आम्ही पहिल्या दिवशी तो धरला, दार अडवले आणि वर मोठमोठ्याने एकमेकांची मोजणीही केली. डब्यातील कोणी काही बोलले नाही, पण त्या शांततेतच आम्हाला काय ते समजले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाच-पाच जणांचे तीन गट केले.

शुक्रवारी ओउरा चर्चला गेलो. सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलेले हे चर्च 1864 च्या अखेरीस बांधून झाले आणि पुढच्याच वर्षी, 17 मार्च 1865 रोजी, येथे ती प्रसिद्ध घटना घडली: उराकामी गावातील काही माणसे आत आली आणि त्यांच्यातील एका स्त्रीने फादर पतीझाँ यांना आपल्या श्रद्धेची ओळख देऊन सांता मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. ख्रिस्ती धर्मावरील अडीच शतकांच्या बंदीत, धर्मगुरू नसताना, त्या लोकांनी बाप्तिस्मा आणि प्रार्थना घरातल्या घरात जपल्या होत्या. ती मूर्ती आजही तेथे आहे. प्रवेशशुल्क मोठ्या माणसाला हजार येन असून आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. हे चर्च आता मुख्यतः वारसास्थळ म्हणून पाहिले जाते. मिस्सा (सामूहिक उपासना) जवळच्या नव्या चर्चमध्ये होते, तेव्हा गटासाठी मिस्सा हवी असेल तर कित्येक आठवडे आधी पत्रव्यवहार करावा. ओउराची चढण दगडी पायऱ्यांची आहे. आमच्या गटातील साठी ओलांडलेल्या मावशींनी तीन ठिकाणी बसून ती पार केली, त्यामुळे दुपारचा पुढचा कार्यक्रम आम्ही सरळ रद्द केला आणि त्याचा कोणालाही पश्चात्ताप झाला नाही.

शनिवार उराकामीसाठी ठेवला होता. ओउरा येथे ज्यांनी आपली ओळख दिली, त्यांच्याच गावातील सुमारे 3,400 जणांना पुढे 1868 नंतर हद्दपार करण्यात आले. 1873 मध्ये बंदी उठल्यावर वाचलेले परत आले आणि त्यांनी स्वतःचे कॅथेड्रल उभारले. 9 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी पडलेल्या अणुबॉम्बचा केंद्रबिंदू तेथून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होता. धर्मग्रामातील सुमारे बारा हजारांपैकी साडेआठ हजार माणसे मारली गेली. आजची इमारत 1959 मधील आहे. जुन्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत मिळाली होती. दुसरीच्या जागी अमेरिकेतील कॅथोलिकांनी वर्गणी करून नवी घंटा दिली आणि 2025 च्या 9 ऑगस्टला ऐंशी वर्षांनी दोन्ही मनोरे एकत्र वाजले. आधी अणुबॉम्ब संग्रहालय, मग केंद्रबिंदूच्या उद्यानात उभा असलेला जुन्या कॅथेड्रलच्या भिंतीचा तुकडा, आणि शेवटी कॅथेड्रल, असा क्रम ठेवावा. अणुबॉम्बमधून वाचलेले डॉक्टर ताकाशी नागाई यांची दोन तातामींएवढी (चटयांएवढी) खोली, न्योकोदो, तेथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर आमच्यातील कोणालाही बोलावेसे वाटत नव्हते. नेमक्या त्याच वेळेला आम्ही जेवणाची ऑर्डर देऊन ठेवली होती, ही आयोजनातली चूक. मध्ये किमान तासभर मोकळा ठेवावा.

त्याच संध्याकाळी आम्हाला उतरवून घेणाऱ्या पॅरिशने छोटे स्वागत ठेवले होते. तेथे आमचे दुभाषेपण उघडे पडले. मावशी मराठीत बोलणार, मी त्याचे इंग्रजी करणार आणि तेथे स्थायिक झालेली एक फिलिपिनो ताई इंग्रजीचे जपानी करणार, असे ठरले होते. वसईतील संतांच्या सणाविषयी मावशींनी तीन मिनिटे सांगितले. ते तीन भाषांतून पार पडेपर्यंत दहा मिनिटे झाली आणि समोरच्या वृद्ध मंडळींच्या कपातील चहा निवला. म्हणून सांगते, भाषणाचा मजकूर आधी लिहून पाठवावा, जपानी भाषांतराच्या प्रती वाटाव्यात, आणि व्यासपीठावर फक्त नमस्कार करावा. पत्रके घेऊन रस्त्यावर उभे राहण्याचा विचार तर मनातही आणू नये. ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का असलेल्या देशात, स्थानिक धर्मगुरूंनी सांगितल्याशिवाय पाहुण्यांनी केलेला उत्साह पाहुणे गेल्यावर त्यांनाच निस्तरावा लागतो.

पण त्याच संध्याकाळी दुभाष्याविना एक संवाद घडला. चहासोबत आलेल्या पावाकडे बोट दाखवून पांढऱ्या केसांच्या एका आजीबाई म्हणाल्या, “पान.” मावशी म्हणाल्या, “पाव.” दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग मावशींनी गळ्यातला क्रूस दाखवून “क्रूस” म्हटले आणि आजीबाईंनी “कुरुसु” असे उत्तर दिले. छुप्या ख्रिस्ती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला शब्द. चार शतकांपूर्वी पोर्तुगीज गलबते वसईला आणि नागासाकीला जे शब्द उतरवून गेली, ते त्या टेबलावर समोरासमोर आले होते. नागासाकीचा प्रसिद्ध कास्तेला केक याच मार्गाने आलेला आहे. घरी न्यायला तो उत्तम, मात्र त्यावरची मुदत पाहून शेवटच्या दिवशी घ्यावा.

रविवारी निशिझाका. पाच फेब्रुवारीच्या जवळच्या रविवारी या टेकडीवर उघड्या मैदानात हुतात्म्यांच्या स्मरणाची मिस्सा होते. टेकडी स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहे, परंतु वारा बोचरा असतो. कानटोपी, हातमोजे आणि बसायला जाड कापड न्यावे. याच सुमारास चिनी नववर्षाचा कंदीलोत्सव आला तर शहरातील हॉटेले भरून जातात, त्यामुळे आरक्षण काही महिने आधी करणे इष्ट. क्योतोत डाव्या कानाचा भाग कापून त्या चोवीस जणांना (वाटेत आणखी दोघे धरले गेले) ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवत येथे आणले होते. आम्ही साधारण तोच मार्ग पाच तासांत, गुडघ्यावर डबा ठेवून ओलांडला होता, आणि ही गोष्ट मिस्सेभर माझ्या मनातून जाईना.

शिल्पकार फुनाकोशी यांनी घडवलेले हुतात्म्यांचे कांस्यशिल्प 1962 चे, म्हणजे संतपद मिळाल्याच्या शताब्दीचे आहे. सव्वीस आकृती एका रांगेत आहेत आणि त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. बारा वर्षांच्या लुईस इबाराकीची आकृती उंचीवरून लगेच ओळखू येते. गोन्सालो मात्र आम्हाला सापडेनात. अखेर शेजारच्या संग्रहालयातील एका सेवकाने बाहेर येऊन आम्हाला त्यांच्यासमोर उभे केले. आम्ही ‘नमो मरिया’ ही प्रार्थना मराठीत म्हटली. संग्रहालयाचे शुल्क पाचशे येन असून त्यासाठी दीड तास तरी हवा.

जपानी मिस्सेतले काही संकेत आधीच ठाऊक असलेले बरे. शांतीची खूण करताना हात मिळवत नाहीत. कमरेत किंचित वाकून “शु नो हेइवा” (प्रभूची शांती) म्हणतात. गुडघे टेकण्याऐवजी बहुतेक वेळा वाकून वंदन केले जाते. वयस्कर बायका मिस्सेच्या वेळी डोक्यावर पांढरी जाळी घेतात. आमच्या शेजारच्या बाईंनी ती मिस्सा संपताच चार घड्या घालून, कडा जुळवून, काडेपेटीएवढ्या पाकिटात ठेवली. वेदीचे छायाचित्र काढू नये. गावांतील काही चर्चमध्ये बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा मोज्यांना भोके नाहीत याची खात्री असू द्यावी.

भेटवस्तूंबाबत आमचा अनुभव चांगला आहे. मांसाचे कोणतेही पदार्थ आणि बहुतेक ताजी फळे जपानमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे मांसाच्या लोणच्यांचा मोह टाळावा. आम्ही वसईची सुकेळी (सुकवलेली केळी) नेली. सुक्या पानात बांधलेली नव्हेत, तर पाकीटबंद, घटकांची चिठ्ठी लावलेली. विमानतळावर ती आपणहून दाखवली आणि अधिकाऱ्यांनी पाहून सोडली. छोटी भेट, सर्वांना सारखी आणि दोन्ही हातांनी, एवढे पुरते. मोठी भेट दिली तर तिची परतफेड करण्याचे ओझे यजमानांवर येते.

सोमवारी सकाळी निघताना दोन पाकिटे उरली होती, ती पॅरिशच्या स्वयंपाकघरात ठेवली. फिलिपिनो ताईने नाव विचारले आणि नंतर येणाऱ्यांना कळावे म्हणून कागदाच्या पट्टीवर ते जपानी अक्षरांत लिहून चिकटवले. त्या लिपीत ‘ळ’ नाही. तिने ते मोठ्याने वाचून दाखवले, “सुकेरी,” आणि बरोबर आहे का म्हणून माझ्याकडे पाहिले. मी हो म्हटले.