माझा पहिला क्रॉलर: मोटर सगळ्यात शेवटी

एससीएक्स२४ ही रिमोटवर चालणारी छोटी क्रॉलर, म्हणजे दगडांवर हळूहळू चढणारी गाडी. ती घरात आल्यापासून कुठवर चढते आणि कशामुळे चढते, याची नोंद ठेवतोय. आतापर्यंतचा हिशेब इथे मांडतो. पहिली गाडी घ्यायच्या विचारात असाल तर पैसे आधी कुठे घालायचे याचा त्यावरून अंदाज येईल. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: क्रॉलर चढतो तो टायरवर आणि वजन कुठे बसवलंय त्यावर. मोटरचा नंबर फार नंतर लागतो.

गाडी ॲक्सिअलची, १:२४ मापाची, जीप रँग्लरची बॉडी असलेली, आणि सेकंड हँड. नवी घेतली नाही त्याचं कारण सीमाशुल्क. २०२० मध्ये खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं. आपल्या आरसी (रिमोटवरच्या) गाड्या सीमाशुल्कात खेळण्यांतच मोडतात. त्यामुळे छंद सोडणाऱ्या किंवा मोठ्या मापाकडे वळणाऱ्या माणसाकडून गाडी घेणं मला जास्त पटलं.

सेकंड हँड पाहताना गाडी उलटी धरा आणि एक चाक हाताने हळूच फिरवा. या गाडीत डिफरन्शियल (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, पुढचा आणि मागचा दोन्ही ॲक्सल लॉक आहेत, म्हणजे डावं चाक फिरलं की उजवंही त्याच्याबरोबर फिरायला हवं. एक चाक मोकळं गरगरलं तर आत काहीतरी घासलंय. मग गाडी चालू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवा आणि कान द्या. कट-कट आवाज आला तर सर्व्होचे, म्हणजे स्टिअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरचे, दात गेलेत. बॅटरी जराही फुगलेली दिसली तर ती घेऊच नका, किमतीतून वजा करायला सांगा.

इतर पर्यायही पाहिले होते. डब्ल्यूपीएलची सी२४ बरीच स्वस्त मिळते आणि खोलून शिकायला छान आहे. पण प्लास्टिकचे गिअर बदला, सर्व्हो बदला, मग त्याला चालेल असा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) घाला, असं करत करत खर्च एससीएक्स२४ च्या किमतीलाच येऊन पोचतो. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम १:१८ मापाची, तेल भरलेले शॉक (धक्के शोषणारे) कंपनीकडूनच आणि ७५० एमएएचची २एस, म्हणजे दोन सेलची, बॅटरी. बजेट असेल तर डोळे मिटून घ्यावी अशी गाडी. एफएमएसच्या एफसीएक्स२४ ला पोर्टल ॲक्सल आहेत, म्हणजे चाकाजवळ आणखी एक गिअरजोडी असते, त्यामुळे ॲक्सलचा मधला फुगवटा वर उचलला जातो आणि दगडाला कमी अडकतो. तरी मी एससीएक्स२४ वर थांबलो, कारण तिच्याइतके सुटे भाग या मापात दुसऱ्या कुठल्याच गाडीला पाहिले नाहीत. आणि पहिल्या गाडीत भाग मोडणारच.

चाचणीची जागा पुण्यातल्या वेताळ टेकडीची जुनी खाण. क्रॉलरवाल्यांना दख्खनचा बेसॉल्ट हे वरदान आहे. खाणीतला दगड सुरुंगाने फुटलेला, त्यामुळे कडा तीक्ष्ण आणि पृष्ठभाग खरखरीत. वरच्या बाजूला ऊन-पावसाने झिजलेले गोटे कांद्यासारखे पापुद्रे सोडत असतात, तिथे टायरखालून खपलीच निघून येते. कोरड्या, स्वच्छ कातळावर पकड उत्तम. त्याच कातळावर मुरमाची भुकटी पसरली असेल तर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून खिशात एक जुना रंगाचा ब्रश असतो, ठरलेल्या मार्गावरची धूळ झाडायला. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वाट अडवू नये आणि दगड उचलून रचाई करू नये, हे मात्र सगळ्यांनीच पाळावं.

कंपनीच्या अवस्थेत गाडी चाकाच्या उंचीच्या पायरीवर अडायची, आणि प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने: पुढची चाकं वर टेकायची, नाक उचललं जायचं आणि गाडी मागे उताणी. यात ताकदीचा प्रश्नच नव्हता. चढावर वजन आपोआप मागच्या ॲक्सलवर सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि हलकं चाक दगड पकडत नाही. त्यात जीपची बॉडी कडक प्लास्टिकची, उंच, मागे स्टेपनी लटकलेली. पहिलं काम फुकटातलं केलं: स्टेपनी काढून टाकली. फरक लगेच दिसला.

मग टायर. मूळ टायरचं रबर कडक होतं. त्याजागी ५८ मिलिमीटरचे मऊ टायर आणि स्क्रूने आवळायची बीडलॉक चाकं घेतली, म्हणजे गोंदाची भानगड नाही आणि आतला स्पंज हवा तेव्हा बदलता येतो. खरी गंमत त्या स्पंजातच आहे. नवा स्पंज टायरमध्ये ठासून बसतो आणि टायर फुगल्यासारखा टणक राहतो. पुढच्या स्पंजाच्या बाहेरच्या कडेवर कात्रीने थोड्या थोड्या अंतरावर त्रिकोणी खाचा घेतल्या. आता गाडीच्या स्वतःच्या वजनाने टायर दगडाच्या कडेवर दबतो, रबर कडेभोवती दुमडतं आणि खोबणी दगडाच्या कंगोऱ्यात अडकते. मागचा स्पंज तसाच ठेवला. तो मऊ केला तर तिरक्या उतारावर गाडी मागून कलते. चाकाला हवा निघायला बारीक भोकं हवीत, नाहीतर स्पंज कितीही कापा, आत कोंडलेली हवा टायर दबू देत नाही.

यापेक्षा मोठे टायर बसतात, पण मी घातले नाहीत. मोठ्या टायरने गाडी उंच होते, गिअरिंग वेगाकडे सरकतं आणि बिचाऱ्या सर्व्होवर भार वाढतो.

यानंतर ब्रास. पितळ प्लास्टिकपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या भागात वजन मावतं, तेही ॲक्सलवर, म्हणजे स्प्रिंगच्या खाली. पुढे पितळी नकल (चाक वळवणारा सांधा) आणि डिफ कव्हर (ॲक्सलच्या मधल्या फुगवट्यावरचं झाकण) बसवलं, मागे काहीच नाही. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलखाली आळीपाळीने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवून वजन पाहिलं. दुसरा ॲक्सल तेवढ्याच उंचीच्या पुस्तकावर, नाहीतर आकडा फसवतो. पुढे साठ टक्क्यांच्या आसपास आलं की थांबायचं, असं ठरवलं होतं आणि तिथेच थांबलो. ब्रास चढवत राहिलं की शाफ्ट (मोटरची ताकद चाकांकडे नेणारे दांडे) आणि गिअर त्याची किंमत मोजतात.

हे काम करताना स्क्रू प्लास्टिकमध्ये घालायची एक सवय लावून घ्या. आधी स्क्रू हलकेच उलटा फिरवा, टक् असा बारीक झटका बोटांना जाणवतो, म्हणजे जुना आटा सापडला. तिथून सरळ आवळा. असं केलं तर तोच भाग कितीदाही खोला, आटे मरत नाहीत. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा द्रव) फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूला. प्लास्टिकला ते लागलं तर प्लास्टिक तडकू शकतं.

पुढचं वजन वाढल्यावर मूळ सर्व्हो लगेच धापा टाकायला लागला. दगडांच्या फटीत अडकलेलं चाक वळेनाच. ईमॅक्सचा ईएस०८एमए-२ बसवला: बारा ग्रॅमचा, धातूचे गिअर, जोर दीड ते दोन किलो-सेंटिमीटर. त्यासाठी वेगळं माउंट लागतं, ते सोबतच मागवा. हॉर्न (सर्व्होच्या टोकावरची छोटी दांडी) बसवण्याआधी रिमोटचं ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य जुळवायची सोय) शून्यावर आणून सर्व्होला करंट द्या, तो मध्यावर येऊ द्या, मगच स्क्रू. टायर आणि ब्रास यांच्याइतकाच हा बदल मोलाचा ठरला, कारण लॉक ॲक्सलची गाडी मुळातच वळायला जड असते.

पावसाळ्यात टेकडी बंदच. कातळावर शेवाळ आलं की तिथे माणसाचाही पाय ठरत नाही. मग बाल्कनीत दगड मांडले आणि आइस्क्रीमच्या काड्यांची, मधून गाडी न्यायची गेटं उभी केली. स्पर्धांमधली गुणपद्धत घरीही वापरतो: रिव्हर्स घेतला की एक गुण, गेटला धक्का लागला की दहा, आणि कमी गुणवाला जिंकला. थ्रॉटलवरचं बोट सुधारायला याहून चांगला उपाय नाही. दगडाशी आल्यावर वेग वाढवायचा नाही, थांबायचं, चाक कुठे टेकलंय ते वाकून पाहायचं, मग केसभर थ्रॉटल.

याच काळात शॉक बदलले. मूळ शॉकमध्ये तेल नाही, नुसती स्प्रिंग, त्यामुळे गाडी उसळायची. तेलाचे शॉक आणि मऊ स्प्रिंग घातल्यावर चासी खाली बसली आणि चाकं खड्ड्यात खोल लोंबायला लागली. पण त्याबरोबर दुसरा त्रास सुरू झाला. थ्रॉटल दिला की शाफ्टच्या पिळामुळे चासी एका कुशीवर झुकते आणि पुढचं एक चाक हलकं पडतं. स्प्रिंग जितकी मऊ तितका पीळ जास्त. सध्या मागे मऊ आणि पुढे किंचित कडक स्प्रिंग ठेवून निभावतंय, पण समाधान झालेलं नाही. यावर कुणी चांगला तोडगा काढला असेल तर जरूर सांगा.

बॅटरी ३५० एमएएचची २एस. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर दर सेलला ३.८ च्या आसपास आणून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये ती कारच्या डिकीत विसरू नका. लायपोला (लिथियम-पॉलिमर बॅटरीला) उन्हात तापलेली डिकी अजिबात सोसत नाही.

मोटर अजून मूळचीच आहे, ०३० मापाची ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेली). एवढं सगळं बदलूनही ती कधी कमी पडली नाही. खटकतं ते फक्त सुरुवातीचं हळू फिरणं: अगदी कमी थ्रॉटलला ती थांबते आणि मग एकदम हिसका देते, आणि नेमका तो हिसका टोकावर टेकलेल्या गाडीला खाली आणतो. म्हणून पुढे फ्युरिटेकचा लिझार्ड ईएससी आणि ब्रशलेस मोटर घ्यायचा विचार आहे, वेगासाठी नव्हे तर त्या पहिल्या पाव फेरीसाठी.

त्याआधी ओव्हरड्राइव्हचे गिअर येतायत. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जलद फिरली की पुढचा ॲक्सल गाडीला ओढतो आणि वळणही लहान होतं. खाणीच्या डाव्या अंगाला दोन कातळांमधली एक तिरकी फट आहे, तिथे गाडी अजून अर्ध्यावर येऊन कलते. गिअर बसले की आधी तिथेच नेणार.