सापळे मिळाले, ल्यूर मिळेनात

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावणार असाल तर सापळ्यांची काळजी करू नका, ल्यूरची, म्हणजे सापळ्यातल्या गंधाच्या रबरी गोळीची, करा. माझा सगळा जीव तिथेच अडकला.

अनुदानाचे सापळे वेळेत हातात आले. पण नुसते पिवळे नरसाळे आणि पॉलिथिनच्या पिशव्या. ल्यूर म्हणे मागून येतील. पात्या लागल्या, फुलं दिसायला लागली, तरी कार्यालयात एकच उत्तर: "वरूनच आले नाहीत." साहेब मीटिंगला, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. अरे, नर पतंग येतो तो त्या रबरी गोळीतल्या मादीच्या गंधाला भुलून! ती नसेल तर सापळा म्हणजे काठीला टांगलेलं प्लास्टिक. पेरणीनंतर ४५ दिवसांनी पतंग मोजायला सुरुवात व्हायला हवी. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की तिचं छिद्र बुजतं, बोंड वरून हिरवंगार दिसतं, आणि फवारा आतपर्यंत पोचत नाही. २०१७ साली विदर्भाने हेच भोगलं. हे मी टेबलासमोर उभं राहून सांगितलं, तर "पुढच्या आठवड्यात या."

शेवटी आले ते हेलील्यूर, म्हणजे हिरव्या बोंडअळीचे! गुलाबीला गॉसिप्ल्यूरच लागतो. पाकीट तिथेच वाचलं आणि परत केलं. मग कृषी सेवा केंद्रातून पदरच्या पैशाने घेतले. घेताना तारीख बघा, आणि गोळी तंबाखू मळलेल्या हाताने धरू नका.

निरीक्षणाला एकरी दोन सापळे पुरतात, शेंड्यापासून फूटभर वर. रोज सकाळी पिशवीची गाठ सोडून मोजायचं. आधी एखाददुसरा पतंग होता, मग एके सकाळी तळाशी राखाडी-तपकिरी बारीक पतंगांचा थर. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग ही मर्यादा. ती ओलांडली तेव्हाच पंप उचलला, त्याआधी नाही, आणि याचा मला अभिमान आहे. सोबत एकरी वीस हिरवी बोंडं फोडून बघा. दोनांत अळी दिसली तरी फवारायला थांबू नका. पाकळ्या मिटलेल्या डोमकळ्या दिसतील तिथे तोडून अळीसकट नष्ट करा. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच कपाशी पुढे ठेवून काढलेलं पीक, घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

ल्यूर साधारण तीन आठवड्यांनी बदलावे लागतात. म्हणून अर्ज करतानाच कोणता ल्यूर, किती आणि कधी मिळणार, हे पोचपावतीवर लिहून घ्या. राहिलेले ल्यूर फ्रिजमध्ये ठेवा.