जिनिव्हात बसून कुलाब्यात काम

परवा संध्याकाळी सर्नमधून, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून, सीएमएस प्रयोगाच्या विश्लेषणाचे जॉब्ज (संगणकांना नेमून दिलेली कामं) सोडले आणि ते कुठे चाललेत बघायला मॉनिटरिंगचं पान उघडलं, तर अर्ध्याहून जास्त गठ्ठा ‘टी२_आयएन_टीआयएफआर’वर पडलेला. म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) केंद्र, आपलं कुलाबा, नेव्ही नगर! शेजारच्या इटालियन पोराला हाताला धरून दाखवलं. तो म्हणाला, "हो, मग?"

त्याचंही खरं आहे म्हणा. एलएचसी हा सर्नचा कण-प्रवेगक; त्याचा डेटा हाताळणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, चाळीसहून जास्त देशांतली सुमारे १७० केंद्रं आहेत. डेटा जिथे ठेवलाय तिथे जॉब जातो, कोण कुठे बसलाय याला महत्त्व नाही. आपल्याकडे टीआयएफआर सीएमएसचं काम बघतं, तर कोलकात्याचं व्हीईसीसी (सायक्लोट्रॉन केंद्र) एलएचसीवरच्याच ॲलिस प्रयोगाचं. जुलै २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा सर्नचे महासंचालक रॉल्फ हॉयर यांनी प्रवेगक आणि प्रयोगांच्या जोडीने ग्रिडलाही श्रेय दिलं होतं. आपल्या लक्षात राहिला तो फक्त प्रवेगकाचा जमिनीखालचा बोगदा.

पण या ग्रिडमध्ये शिरायचं म्हणजे सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र लागतं, आणि त्याने माझा जीव खाल्लाय. वर्षभराने ते संपतं. नवीन उतरवून घ्यायचं, एका फाइलच्या दोन करायच्या, एक सर्टिफिकेट आणि एक खासगी किल्ली. किल्लीची परवानगी ४०० ठेवायची, म्हणजे मालकाशिवाय कुणी वाचू शकत नाही. तिथे ६४४, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल असं राहिलं की यंत्रणा सरळ हाकलून देते. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर साधा ठिपकासुद्धा उमटत नाही, त्यामुळे बोटं चुकली की नाही हे एरर आल्यावरच कळतं. एवढं करून मिळणारा प्रॉक्सी, म्हणजे तात्पुरता परवाना, थोडे दिवसच टिकतो. तो संपला की सकाळी येऊन बघावं, तर रात्रीचे सगळे जॉब्ज मेलेले.

शिव्या घालून झाल्यावर मात्र कौतुकही वाटतं. आपल्याकडे राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का शेजारच्या कचेरीत चालेल याचीसुद्धा खात्री नसायची. इथे एका देशातल्या प्राधिकरणाने सही केली की बाकीचे डोळे झाकून मान्य करतात. खरं तर डोळे झाकून नव्हे, नियम ठरवूनच. भारतात हे काम सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था करते. आमच्या पुण्याचं सी-डॅक! (ग्रिडची सर्टिफिकेटं त्यांच्या बंगळुरूच्या केंद्रातून निघतात, पण मुख्यालय पुण्यातच ना.)

जेवताना एकाने विचारलं, भारतातल्या केंद्रात वीज जात नाही का रे? मी ताटातलं चीज बाजूला सारून त्याला ऐकवलं, की तू ज्या सीएमएसवर पेपर लिहितोयस, त्याचा सगळ्यात बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) टीआयएफआरच्या लोकांनी उभारलाय. प्रश्न विजेचा होता, उत्तर कॅलरीमीटरचं दिलं, पण त्या क्षणी तेच सुचलं. त्याच आठवड्यात एक बडं युरोपियन केंद्र देखभालीसाठी बंद झालं आणि त्याचे जॉब्ज रांगेत अडकले. मी काही बोललो नाही. आनंद झाला, तेवढं लिहून ठेवतो.

घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो. काका दर फोनवर विचारतात, "शिकलास इथे, राबतोस परक्यांसाठी?" या वेळी मी त्यांना टीआयएफआरचा स्क्रीनशॉटच पाठवला. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, वर्गणी भरतो, मशिन देतो, माणसं देतो. माझं काम तर निम्मं कुलाब्यातच चालतं. मी तिथे असतो तर याहून वेगळं काय केलं असतं?

काकांनी स्क्रीनशॉट नीट बघितला आणि विचारलं, "पगार कुठून येतो?"

जिनिव्हातून येतो, काका. आणि घरभाड्यात जिनिव्हातच संपतो.