आमची वाटचाल: सुगडातलं समुद्रफूल

शोभेच्या माशांचं दुकान सुरू केलं तेव्हा आमच्याकडे गप्पी, फायटर आणि गोल्डफिश एवढंच होतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावर दहा बाय बाराचा गाळा, मागे पाण्याचे ड्रम. धाकटे भाऊजी पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊन कुर्ल्याच्या बाजारातून माल आणायचे, मी दुकान सांभाळायचे. चौथ्या वर्षी खाऱ्या पाण्यात उतरलो, कारण गिऱ्हाईक विचारायला लागलं होतं. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन मासा हवा आणि तो ज्यात लपतो ते फूलही हवं.

ते फूल म्हणजे समुद्रफूल, ॲनिमोन. खरं तर तो प्राणी, जेलीफिश आणि प्रवाळांच्या गोतातला. खाली चिकटायला पाय, वर मधोमध तोंड आणि भोवती डंख मारणारे शुंडके. दुकानात आम्ही त्यांना हातच म्हणतो. त्या वेळी यातलं फारसं ठाऊक नव्हतं. लॉट यायचा, आम्ही पिशवीत भरून द्यायचो.

कोथरूडच्या एका निवृत्त काकांना दिलेलं फूल मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला, "ताई, जरा घरी याल का?" रात्री फूल जागा शोधत काचेवरून सरकत गेलं होतं आणि वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाच्या, जाळीत ओढलं गेलं होतं. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं, दारातच वास येत होता. क्लाउनची जोडी आणि इतर सगळे मासे मेले होते. काकांनी एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही सगळे पैसे परत केले, पण काकूंनी टँककडे पाठ करून चहा टाकला, ते पैशाने भरून येण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसानंतर धंद्याची रीत बदलली. टँक पाहिल्याशिवाय फूल विकायचं नाही आणि विकलं तर आपण स्वतः जाऊन बसवून यायचं. वर्षभर विक्री निम्म्यावर आली. भाऊजी म्हणायचे, वहिनी, समोरचा दुकानदार आजच्या आज देतो. देऊ दे, म्हटलं.

घरी गेल्यावर पहिला प्रश्न टँकच्या वयाचा. सहा महिने झालेले नसतील तर पुढे बोलणंच नाही. नव्या टँकचं पाणी वरवर स्वच्छ दिसलं तरी आतून स्थिरावलेलं नसतं. दुसरा प्रश्न तांब्याचा. माशांवर पांढरे ठिपके आले म्हणून कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? ते दगडांत मुरून राहतं आणि फुलाला मारतं. एका घरी औषध कधीच घातलेलं नव्हतं, तरी फूल मिटून बसलं होतं. शोधता शोधता कळलं, टँकमध्ये रोज घालायचं आरओचं पाणी आजी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवत होत्या. प्लास्टिकचा कॅन आणला, निम्मं पाणी बदललं, तेव्हा कुठे पंधरा दिवसांनी ते उमललं.

आमचं खरं वळण मात्र सुगडांनी आणलं. बबल टिप जातीच्या फुलाला पाय फटीत खोल रोवायचा असतो आणि हात उजेडात पसरायचे असतात. त्याचा पाय काचेवरून ओढून काढला की फाटतो, आणि फाटलेल्या पायाचं फूल बहुतेक वाचत नाही. एका संक्रांतीला वाण देऊन उरलेली सुगडं ओट्यावर पालथी पडली होती. त्यातलं एक, रंग-चुना न लावलेलं, मी पंधरा दिवस पाणी बदलत भिजवलं, बुडाला बोटभर भोक पाडलं आणि टँकमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी फूल आपणहून त्यात जाऊन बसलं. आता दर जानेवारीत आम्ही पुण्यातल्या कुंभार वेशीतून कोरी सुगडं एकगठ्ठा आणतो. फूल आमच्याकडे सुगडात रुजतं आणि सुगडासकटच गिऱ्हाइकाकडे जातं. पायाला हात लावावाच लागत नाही.

बसवायला दोन-अडीच तास लागतात. बादलीत पिशवीचं पाणी आणि फूल, वरून टँकमधून आलेली बारीक नळी. नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब. खारटपणा मोजायच्या मापावर (विशिष्ट गुरुत्व) पिशवीतलं पाणी १.०२२ असतं आणि टँकचं १.०२५, तर तो फरक घाईने भरून काढायचा नाही. दिवे मंद करायचे आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचे. वेव्हमेकर तासभर बंद ठेवायचा आणि पुन्हा लावताना त्याच्या तोंडावर स्पंज बांधायचा. क्लाउन आधीपासून असतील तर फुलावर भाजी धुवायची प्लास्टिकची चाळण चार दिवस पालथी घालायची, नाहीतर ते प्रेमाने घुसळून त्याला दमवतात. आठवडाभर खायला काहीच द्यायचं नाही. त्यानंतर वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा, आठवड्यातून एकदा, पुरतो. त्याचं बरंचसं पोट त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ उजेडावर भरतं.

पहिल्या रात्री फोन येणारच. "ताई, ते सुकलं, लिंबाएवढं झालं." मी विचारते, तोंड मिटलेलं आहे का? मिटलेलं असेल तर झोपा. ते आतलं जुनं पाणी टाकून पुन्हा भरतं. तोंड ओघळून उघडं पडलं असेल आणि वास येत असेल, तरच रात्री निघावं लागतं.

पिवळीधमक आणि पांढरीशुभ्र फुलं आम्ही घेणं बंद केलं. पांढऱ्यातलं शेवाळ गेलेलं असतं, म्हणजे ते उपाशी असतं. पिवळं बऱ्याचदा रंगवलेलं निघतं. तपकिरी फूल दिसायला साधं, पण तेच जगतं. किती जगतं विचारलं की मी एडिनबरोच्या 'ग्रॅनी'ची गोष्ट सांगते. निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियल यांनी ते समुद्रफूल १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलं. डॅलियल १८५१ मध्ये वारले, पुढे इतरांनी त्याला सांभाळलं आणि ग्रॅनी १८८७ पर्यंत काचेच्या बरणीत जगली. गोष्ट ऐकून काही गिऱ्हाइकं विचार करून सांगतो म्हणून परत जातात. त्यांचं मला वाईट वाटत नाही.

बबल टिप मधोमध चिरत जाऊन एकाची दोन होतात. आमच्याकडची आजची बहुतेक फुलं एकाच मूळ फुलाची आहेत, त्यामुळे समुद्रातून काढलेला माल मागवणं जवळपास थांबलं आहे. कठीण प्रवाळ मागणाऱ्यांना मात्र सरळ नाही सांगतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहेत.

गेल्या आठवड्यात नाशिकहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. टँकला चारच महिने झालेत. तिने स्वतः एक सुगड निवडलं, पेन्सिलीने त्यावर नाव लिहिलं. त्यात सध्या एक तपकिरी पिल्लू बसलंय, रुपयाच्या नाण्याएवढं. दोन महिन्यांनी भाऊजी ते घेऊन जातील.